फाटकाबाहेरचा उतार दुरुस्त करणारा ठेकेदार: पाचपैकी चार तारे

फाटकापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचा गाडी चढवायचा उतार आम्ही नुकताच दुरुस्त करून घेतला. काम पक्कं झालंय. पण मी एवढे तारे देतेय ते काँक्रीट फोडायच्या आधी या लोकांनी जे केलं त्यासाठी.

उताराच्या मधला भाग खचला होता आणि फुटपाथच्या बाजूला दोन बोटं कड वर राहिली होती. सासऱ्यांच्या वॉकरचं पुढचं चाक नेमकं तिथे अडायचं, त्यामुळे ते बाहेर पडायचंच टाळायला लागले होते. आधी आलेल्या एका ठेकेदाराने उभ्याउभ्या सांगितलं, "सगळं फोडू, नवीन टाकू." यांच्या सुपरवायझरांनी मात्र आधी हद्दीचा नकाशा मागितला. "काकू, कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कागद बघू." कुंपण खरंच हद्दीच्या हातभर आत निघालं. त्यांनी खडूने रेघ ओढली. रेघेच्या आतलं आमचं, त्यात वाद नाही. बाहेरची जमीन सार्वजनिक रस्त्याची. पण जमीन एकाची आणि तिच्यावरच्या उताराची देखभाल दुसऱ्याची असू शकते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय नियम सगळीकडे सारखे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये रोड्स ॲक्ट १९९३ च्या कलम १४२ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरच्या बांधकामाचा लाभ ज्याला, त्यानेच ते नीट राखायचं. इंग्लंडमध्ये हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम १८४ खाली असा उतार करायचा खर्च घरवाल्याकडून घेतात, पण एकदा झाला की तो सहसा सार्वजनिक रस्त्याचा भाग होतो आणि देखभाल रस्ते खात्याकडे जाते. म्हणून ओळखीपाळखीत विचारून काही हाती लागत नाही. आपल्या भागातल्या रस्ते खात्याकडून लेखी उत्तर घ्यावं.

तरी आमचा प्रश्न सुटला तो खचलेला भाग नीट बघितल्यावर. सुपरवायझर खाली बसले आणि त्यांनी खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, दोन्ही बाजूंना करवतीने कापल्याची खूण होती आणि तोच पट्टा शेजाऱ्यांच्या दारावरून पुढे पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणापर्यंत गेला होता. झाडाची मुळं काँक्रीट वर उचलतात आणि भेगा वेड्यावाकड्या जातात. इथे उलट होतं. पाइपसाठी चर खणला, माती थर देऊन न दाबता एकदम लोटली, ती हळूहळू बसत गेली आणि वरचं काँक्रीट खचलं. चर बुजवून रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी साधारणपणे खणणाऱ्याची असते. इंग्लंडमध्ये तर अशा कामाची किमान २ वर्षांची हमी असते, खोल चरासाठी ३ वर्षांची.

त्यांनी टेप लावून फोटो काढले आणि पत्राचा मसुदाही करून दिला. पाणीपुरवठा करणाऱ्यांनी पाहणी केली आणि त्यांचा पट्टा पुन्हा खणून, नीट दाबून भरून दिला. आमच्याकडे फक्त उरलेला भाग आला. स्वतःचं अर्धं काम हातचं जाणार हे दिसत असूनही या माणसाने खरं तेच सांगितलं. याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

पुढचं काम नीटनेटकं. सार्वजनिक जागेवर खणायचा परवाना हातात आल्यावरच पहिला घाव घातला. फुटपाथशी मिळते ती कड सपाट ठेवली, ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून पृष्ठभाग खरबरीत केला, जोडावर सांधा सोडला. पाणी मारायला कंटाळा करू नका, हे दोनदा बजावलं, कारण काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर धरतात. सासरे आता वॉकर घेऊन एकटे कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात.

एक तारा कापला त्याची कारणं दोन. सिमेंट कालवायची भांडी कामगारांनी रस्त्याकडेच्या गटारात धुतली. ते पाणी अतिशय अल्कधर्मी असतं आणि पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जातं. मी बोलल्यावर थांबले, पण असं सांगावं लागू नये. दुसरं म्हणजे कोटेशनमध्ये हद्दीच्या आतलं आणि बाहेरचं काम एकाच ओळीत घातलं होतं. मागितल्यावर वेगळं करून दिलं. तुम्हीही मागून घ्या आणि परवान्यासोबत जपून ठेवा, कारण उद्या कुणी पुन्हा पाइपसाठी खणलं तर बाहेरचा भाग आधी धड होता हे दाखवायला तोच कागद लागेल.