लसूण वेल, 180 रुपये: ग्वाल्हेरच्या थंडीत टिकली का?

मागच्या जुलैत नर्सरीतून ही वेल आणली, आता सव्वा वर्ष झालं म्हणून लिहितेय, कारण झाड आणलं की दुसऱ्याच दिवशी पाच स्टार देण्यात काय अर्थ आहे, एक जानेवारी आणि एक मे काढू द्या की त्याला. तर वेलीला साडेचार, नर्सरीला दोन, आणि ते दोनही भैया कुंडी उचलून गाडीपर्यंत आले म्हणून.

नाव का लसूण वेल ते घरी आल्यावर कळलं. पान चुरगाळलं की अगदी सोललेल्या लसणाचा वास! आणि मी आणली ती नेमकी चातुर्मासात, आमच्याकडे कांदा-लसूण बंद, कुंडी ठेवली जिन्यापाशी. सासूबाईंनी जाता-येता पान चोळलं आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, लसूण कोण सोलतंय?" मग कुंडी गेली वर गच्चीवर, आणि ते बरंच झालं, कारण हिला ऊन भरपूर लागतं. मूळची अमेझॉनच्या जंगलाकडची, तिकडे लोक हिची पानं लसणासारखी स्वयंपाकात घालतात, मी नाही घातली, नर्सरीत काय फवारलं असेल कोण जाणे.

आता नर्सरीची तक्रार. भैया म्हणाले, बारा महिने फुलं येतात आणि रोज पाणी द्या. दोन्ही चूक. हिचा मुख्य बहर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कधी कधी वसंतात परत थोडा येतो, बस. आणि रोज पाणी दिल्यावर पानं पिवळी पडायला लागली, काढून बघितलं तर चिकणमातीचा दगडासारखा गोळा आणि मुळं गोल गोल गुंडाळलेली. मग 14 इंची कुंडीत साधी माती, शेणखत, वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि पाणी वरची माती सुकल्यावरच. पंधरा दिवसांत नवे कोंब.

पहिल्या वर्षी फूल एकही नाही, पण त्यात चूक माझी. फांद्या लोंबत होत्या म्हणून सप्टेंबरात कापून टाकल्या, आणि हिला फुलं येतात नव्या फुटीवर, म्हणजे मी कळ्याच कापल्या. छाटणी बहर संपल्यावर करा. चढायला तार किंवा जाळी द्या, दोन पानांच्या मधून तणावा निघतो तो तारेला पकडतो, नुसत्या भिंतीवर काही जमत नाही.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबरातल्या तानसेन समारोहापर्यंत (आमच्या ग्वाल्हेरचा संगीत महोत्सव) मजेत होती, जानेवारीत पारा 4-5 वर आला आणि शेंडे काळे पडले, निम्मी पानं गळली, म्हणायला सदाहरित! कुंडी दक्षिणेच्या भिंतीला सरकवली, रात्री जुनी चादर टाकायची सकाळी काढायची, पाणी कमी आणि तेही सकाळीच, खत बंद. मार्चमध्ये पुन्हा हिरवी. मेमध्ये लू लागते तेव्हा दुपारपुरती हिरवी नेट बांधली, एवढंच.

आणि या ऑक्टोबरात जी फुलली ना! उमलते जांभळी, दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग जवळजवळ पांढरी, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग. शेजारच्या काकू विचारत होत्या, तीन वेली लावल्यास का गं.

पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार पेरांच्या चार कटिंग लावल्या होत्या, तीन लागल्या. एक नणंदेला इंदूरला गेली, एक माझ्याकडे आहे, आणि तिसरी सासूबाईंनी मागून घेतली, भजनी मंडळातल्या मैत्रिणीला द्यायला. वासाचं तिला आधी सांगू नकोस म्हणाल्या.