ट्रेलरसाठी वीज: जनरेटर, छतावरचं सोलर की लिथियम आणि सुटं पॅनल?

आपल्याकडे ट्रेलर (गाडीमागे ओढायची, आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायचं तर खरा प्रश्न एकच, लाईट नसलेल्या जागी रात्रभर कूलर कसा चालवायचा. बल्ब, मोबाईल, पंखा कशावरही चालते. १०० वॅटचा छोटा कूलर ८ तास म्हणजे ८०० वॅट-अवर, त्यात १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला ५०० च्या आसपास खाते, झाले १३००. एवढी सोय झाली की बाकी सगळं त्यातच भागते.

जनरेटरला मी वाईट म्हणणार नाही. एसी पाहिजेच असेल तर दुसरा सोपा उपाय नाही, रात्रभर एसी म्हणजे पाच-सहा युनिट, तेवढी बॅटरी ट्रेलरमध्ये टाकणं खिशाला झेपत नाही. पण पेंचच्या जंगलाच्या बाजूला कॅम्पवर रात्री जनरेटर कोणी चालू देत नाही, आणि खरी गरज तर रात्रीच असते ना! शिवाय कॅनमध्ये सुटं पेट्रोल द्यायला पंपवाले कुरकुर करतात.

मग राहिलं सोलर. छतावर पॅनल पक्के बसवले की झंझट नाही, पोचलं की चार्जिंग चालूच, हे मला पण आवडलं होतं. पण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात (२०१३ ला ४७.९ गेलं होतं) ट्रेलर उन्हात कोण उभा करते? आपण झाड शोधतो, मोहाचं, कडुनिंबाचं, जे मिळेल ते, आणि पॅनलला पाहिजे ऊन. माझा निर्णय इथेच झाला. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर झाडाखाली उभं राहून कंट्रोलरचा (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा) आकडा पाहत होतो, एका फांदीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर आली की आकडा धाडकन खाली, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की त्याची पूर्ण ओळ अडते. ट्रेलर उन्हात सरकवला तर आकडा वर, पण आत भट्टी. रोज हेच निवडायचं, वीज की सावली, याचा मला फार वैताग आला.

म्हणून मी २०० वॅटचं घडीचं पॅनल आणि १५० एएचची (अॅम्पिअर-अवर) लिथियम बॅटरी घेतली. ट्रेलर सावलीत, पॅनल १० मीटर दूर उन्हात, सकाळी पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे वळवायचं. चांगल्या दिवशी ८०० वॅट-अवरच्या जवळपास मिळते, बाकीचं गाडी चालताना डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा) भरते, ३० अॅम्पिअरचा असेल तर नागपूरहून ताडोब्याला मोहर्लीपर्यंत जाता जाताच बॅटरी बरीचशी भरून जाते. पावसाळ्यात तर गाडीचाच आधार.

त्रास आहेतच. पॅनल रोज काढा, ठेवा, माकडांकडे लक्ष ठेवा, उन्हाळी वादळ आलं तर उडू नये म्हणून बांधा. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते, काहींची ५५, बंद डब्यात उन्हाळ्यात हे सहज ओलांडते आणि बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) चार्जिंगच बंद करते. बॅटरी जमिनीजवळ, हवा खेळेल अशी ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (अॅसिडवाली) बॅटरी स्वस्त पडते हे खरं, पण वजन पन्नास-साठ किलो, अर्धीच वापरायची, भरायला पूर्ण दिवस, आणि खड्ड्यांत अॅसिड सांडायची भीती. महिन्यातून एकदाच जाणाऱ्याला कदाचित चालेल, मला नाही पटलं.

तुम्ही थंडीतच जात असाल तर छतावरचं पण ठीक आहे, तेव्हा ऊन हवंच असते. बाकी सुटं पॅनल घेतलं तर केबल ६ स्क्वेअर एमएमची घ्या, आणि कंट्रोलर पॅनलकडे नाही, बॅटरीजवळ लावा.