दा विंची रिझॉल्व्ह (मोफत आवृत्ती): क्लिप लावायला आणि कापायला कसं आहे?

व्हिडिओ संपादनाचं हे सॉफ्टवेअर फुकटात एवढं देतं यावर विश्वास बसत नाही, पण सुरुवातीलाच एक मेख आहे: प्रोजेक्टमध्ये क्लिप आणल्या की टाइमलाइनचा (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा) फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कुलूपबंद होतो. २५ की ३० हे आधीच ठरवा. मोबाइलचं चित्रीकरण बहुधा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. ते आधी स्थिर रेटमध्ये बदलून घेतलं नाही, तर लांबलचक मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात.

मीडिया पानावर अख्खं फोल्डर उपफोल्डरांसकट आणलं, की तशाच बिन (क्लिप ठेवायचे कप्पे) तयार होतात. बिन फक्त फाइल कुठे आहे याची नोंद ठेवते. मूळ फाइल डिस्कवर हलवली की क्लिप लाल होते, मग 'रीलिंक' करत, म्हणजे फाइलची नवी जागा दाखवत बसा.

कापायला कंट्रोल+बी. तुकडा बॅकस्पेसने उडवला तर भोक राहतं, डिलीटने उडवला तर पुढचं सरकून जागा भरते. नवखे इथेच गोंधळतात, आणि संगीताच्या ट्रॅकला कुलूप नसेल तर तेही सरकू शकतं.

जुन्या लॅपटॉपवर फोरके अडखळतं. निम्म्या आकाराच्या प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या नकला, करा. मोफत आवृत्तीतून अल्ट्रा एचडी, ६० फ्रेमपर्यंतच निर्यात होते. लग्नाच्या व्हिडिओला तेवढं रग्गड.