गणित वाचायला शिकवणारा वर्ग : दादरमधील बारा रविवार

माझी मुलगी मुलुंडच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत सहावीत शिकते. तीसपर्यंतचे पाढे तिला पाठ आहेत, मोठा भागाकार ती सहसा चुकत नाही, आणि तरीही सहामाहीच्या गणितात तिचे जे गुण गेले ते जवळजवळ सगळे शाब्दिक उदाहरणांत गेले. उत्तरपत्रिका घरी आली तेव्हा लक्षात आले की आकडेमोड सगळी बरोबर होती, फक्त जिथे मिळवायचे तिथे तिने वजा केले होते. शिकवणीच्या सरांनी सराव कमी पडतो असे निदान करून आणखी पन्नास उदाहरणे दिली आणि त्यांतलीही बरीचशी तिने त्याच पद्धतीने चुकवली. तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी दादर पश्चिमेला रविवारी भरणाऱ्या एका वर्गाचे नाव सुचवले. तिथे गणित शिकवत नाहीत, गणित वाचायला शिकवतात, असे त्यांचे म्हणणे होते. वर्गाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि दोन शिक्षिकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेला तो छोटा वर्ग आहे.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी बारा रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा, शुल्क ६,००० रुपये. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी पालकांना मागे बसू देतात, एरवी खाली थांबावे लागते आणि खाली थांबायला जागा नाही. मध्य रेल्वेने जाणाऱ्यांनी परतीचा प्रवास रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये सापडतो हे गृहीत धरावे. आम्ही दोनदा माटुंग्याच्या पुढे बराच वेळ अडकलो.

पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या पेन्सिली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जमा केल्या आणि फळ्यावर एक उदाहरण लिहिले : भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचमध्ये २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर तांडेलाचे वय किती? पेन्सिली परत मिळाल्यावर चौदापैकी नऊ मुलांनी ३६ लिहिले, आणि माझ्या मुलीने त्यापुढे नीटनेटक्या अक्षरात ‘वर्षे’ असेही लिहिले. हा प्रश्न मूळचा फ्रान्समधला. तिथे १९८०च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना बोटीवरच्या मेंढ्या-शेळ्या सांगून कप्तानाचे वय विचारले गेले होते आणि बहुतेकांनी आकडे एकत्र करून वय सांगितले होते. बाईंनी तो तांडेलापर्यंत आणला याचे मला कौतुक वाटले. मुले हसली, पण ओशाळलीही, आणि वर्ग नेमका कशासाठी आहे हे त्यांना भाषणाशिवाय कळले.

पहिले सहा रविवार याच रीतीने गेले. उदाहरण समोर आल्यावर तीन मिनिटे पेन्सिल हातात घ्यायची नाही, आधी ते मोठ्याने वाचायचे, मग वहीकडे न बघता शेजारच्याला गोष्टीसारखे सांगायचे, आणि शेवटी काय विचारले आहे तेवढेच एका वाक्यात म्हणायचे. दुसऱ्या रविवारचे उदाहरण मुलीने मला घरी येऊन सांगितले : सईकडे १२ पेरू आहेत, ते अथर्वकडच्या पेरूंपेक्षा ५ ने कमी आहेत, तर अथर्वकडे किती? वर्गातल्या बहुतेकांनी ७ असे उत्तर दिले, कारण ‘कमी’ हा शब्द दिसताच हात आपोआप वजाबाकीच्या चिन्हाकडे जातो. बाईंनी दोघांच्या पेरूंच्या दोन पट्ट्या काढायला लावल्या आणि ‘ते’ म्हणजे कोणाचे पेरू, एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते हे कळले की १७ हे उत्तर येते. मराठीच्या तासाला व्याकरण म्हणून पाठ केलेली ही गोष्ट गणितात कामाची असते, हे माझ्या मुलीला अकराव्या वर्षी आणि मला चाळिशीनंतर कळले.

‘ने’ आणि ‘पट’ यांवर तर एक अख्खा रविवार खर्ची पडला. बाराची तीन पट ३६ आणि बारापेक्षा ३ ने जास्त म्हणजे १५, इथपर्यंत सगळे ठीक होते. मग वर्तमानपत्रातले एक कात्रण आले, ज्यात कुठलीशी किंमत ‘तिपटीने वाढली’ असे छापले होते. शंभराची वस्तू तिप्पट झाली तर तीनशेची होते, पण तिपटीने वाढली म्हणजे तीनशे झाली की चारशे, यावर मुलांनी जो वाद घातला तो खालच्या फुटपाथवर मलाही ऐकू येत होता. बाईंनी निकाल दिला नाही. छापणाऱ्याने संदिग्ध लिहिले आहे, असे त्यांनी सांगितले, आणि छापलेले वाक्यही चुकू शकते ही कल्पना मुलांना फार आवडलेली दिसली.

गृहपाठही याच धर्तीचा होता. परत येताना बाजारात जे वजन ऐकू येईल ते ग्रॅममध्ये लिहायचे : पाव किलो, पाऊण किलो, सव्वा किलो, अडीच किलो. आमच्या घरात संख्या इंग्रजीतच बोलल्या जातात, त्यामुळे पावणेदोनशे म्हणजे १७५ आणि सव्वादोनशे म्हणजे २२५ हे मुलीला पक्के माहीत नव्हते, ती दोन्ही उलटेपालटे लिहीत होती. वर्गातली आणखी काही मुले एकोणसत्तर ऐकून ७९ लिहीत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि त्या वेळी मीही नाक मुरडणाऱ्यांतलीच होते. आता मला त्यामागची अडचण कळते, जरी एकोणसत्तर हा शब्द माझ्या मुलीने गमावू नये असेही वाटते. या वर्गात दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवतात, आणि एकोण म्हणजे एक उणा हे एकदा फोडून सांगितल्यावर ७९ लिहिणे पुष्कळ कमी झाले, असे बाईंचे म्हणणे आहे.

वर्गातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे शब्दांची कार्डे. पुठ्ठ्यावर चार चौकटी आखायच्या आणि त्यांत शब्दाचा अर्थ, त्याची वैशिष्ट्ये, उदाहरणे आणि उदाहरण नसलेल्या गोष्टी लिहायच्या. ही मांडणी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि तिचा सगळा जीव चौथ्या चौकटीत आहे, कारण काय नाही हे लिहिताना मूल अडखळते आणि तिथेच शिकते. मराठी गणिताचे शब्द या खेळाला फारच सोयीचे आहेत. वर्ग म्हणजे शाळेतला वर्ग आणि संख्येचा वर्ग, अंश म्हणजे अपूर्णांकाच्या डोक्यावरची संख्या आणि कोनाचे माप, रास म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून होणारी रक्कम, धान्याचा ढीग आणि पत्रिकेतली रास. घात या शब्दाच्या चौथ्या चौकटीत एका मुलाने ‘विश्वासघात’ लिहिले होते, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.

चुकलेल्या उदाहरणांसाठी भिंतीवर पाच प्रश्नांचा तक्ता आहे : वाचता आले का, समजले का, कोणती क्रिया करायची ते ठरवता आले का, ती क्रिया नीट केली का, उत्तर मागितले तसे लिहिले का. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली चुकांच्या पृथक्करणाची जी पद्धत मांडली तीच ही. जिथे पाय घसरला त्या प्रश्नापुढे मुलाने स्वतः फुली मारायची. माझ्या मुलीच्या पहिल्या कागदावर दहा चुकांपैकी सात फुल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे होत्या, चौथ्यापुढे, म्हणजे आकडेमोडीपुढे, एकच. पन्नास उदाहरणांच्या सरावाचा उपयोग का झाला नाही याचे उत्तर त्या कागदावर होते.

आता तक्रारी. सातव्या रविवारी मोठ्या बाई आजारी पडल्या आणि तो धरून चार रविवार बदली शिक्षकांनी घेतले. या सरांनी पहिल्याच दिवशी एक छापील यादी वाटली : ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ की भागाकार. सहा आठवडे जी खोड मोडण्यात गेले तीच खोड या यादीने पुन्हा लावली. सहा मुलांना प्रत्येकी चार लाडू दिले तर एकूण किती लाडू लागले, या प्रश्नात यादीतले दोन शब्द आहेत आणि दोन्ही चुकीच्या दिशेने नेतात, कारण इथे गुणाकार करायचा आहे. मी ही गोष्ट फोनवर कळवली, तेव्हा शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी पालकच झटपट युक्त्या मागतात असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्या परीक्षेत पहिल्या पेपराला ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, आणि तिथे पेन्सिल तीन मिनिटे डब्यात ठेवणे कोणालाच परवडत नाही. पण मग हा वर्ग परीक्षेसाठी आहे की वाचनासाठी, हे शुल्क घेतानाच सांगायला हवे होते. शिवाय माहितीपत्रकात बारा मुलांची तुकडी असे लिहिलेले असताना आठव्या रविवारपर्यंत मुले एकोणीस झाली.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. मुंबईत मराठी कुटुंबांतली कितीतरी मुले सेमी-इंग्रजीत शिकतात, म्हणजे बाकीचे विषय मराठीत आणि गणित व विज्ञान इंग्रजीत. या वर्गाची पुस्तिका पूर्ण मराठीत आहे, तिच्यात इंग्रजी शब्दाला जागाच नाही. हे मराठीवरचे प्रेम असेल तर मला ते समजते, पण गोंधळ नेमका दोन भाषांच्या सांध्यावर होतो. मराठीत चौकोनाचाही कर्ण असतो आणि काटकोन त्रिकोणाचाही, शाळेत मात्र एकाला डायगोनल आणि दुसऱ्याला हायपोटेन्यूज म्हणायचे. उलट इंग्रजीत स्क्वेअर म्हटले की आकृतीही आली आणि संख्याही, मराठीने तिथे चौरस आणि वर्ग असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. पूर्ण संख्या आणि पूर्णांक यांत मुलगी आधीच घोटाळा करत होती, त्यात होल नंबर आणि इंटिजर यांची भर पडली. चार चौकटींच्या कार्डावर पाचवी चौकट आखून तिथे इंग्रजी शब्द लिहिला असता तर हे सगळे एका जागी आले असते. आम्ही घरी तसे करून पाहिले आणि ‘कर्ण’ या एका कार्डावर तिने अर्धा तास आनंदाने घालवला.

शेवटच्या दोन रविवारी मोठ्या बाई परत आल्या. शेवटच्या दिवशी मुलांनी स्वतः उदाहरणे रचून एकमेकांना घातली. माझ्या मुलीने दादर ते मुलुंड प्रवासाचे उदाहरण रचले, त्यात मेगाब्लॉकमुळे वाढलेली वेळ दिली होती आणि तिकिटाची किंमतही दिली होती, जिचा उत्तराशी काही संबंध नव्हता. समोरच्या मुलाने ती किंमत मिळवली तेव्हा तिला झालेला आनंद लपत नव्हता. परवाच्या चाचणीत तिची पाचपैकी चार शाब्दिक उदाहरणे बरोबर आली, पाचव्यात तिने लिटरमधले उत्तर मिलिलिटरमध्ये लिहिले. घरी आल्यावर तक्त्यातल्या पाचव्या प्रश्नापुढे फुली तिनेच मारली.

मराठी माध्यमातल्या मुलासाठी हा वर्ग मी बिनदिक्कत सुचवेन, मात्र सगळे रविवार मोठ्या बाईच घेणार आहेत का हे आधी विचारून घ्यावे. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे मी अजून भरलेले नाहीत. पाचव्या चौकटीचे मी त्यांना लेखी कळवले आहे आणि नव्या पुस्तिकेत ती छापली आहे का, हे बघूनच भरणार आहे.