काळ्या पाण्याला गेलेल्या पूर्वजाचा माग: आधी हेळव्याची वही की मुंबईचं दप्तर?

माण-खटावात, वाळव्यात, पाटणच्या खोऱ्यात अशी बरीच घरं आहेत, जिथली म्हातारी माणसं सांगतात, "आपल्यातला एक काळ्या पाण्याला गेला, तो काय परत आला नाही." माझ्या आजोळी तर त्याचं नावही कोणी मोठ्याने घेत नसे. सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढलं जायचं. कोणाचं म्हणून विचारलं तर आजी म्हणायची, "पाण्यापल्याडच्या बाबांचं." त्या पानावरूनच मी शोध सुरू केला, आणि त्यात चार वर्षं गेली. आता ओळखीपाळखीतले लोक विचारतात, "आमचाही एक होता. आठ दिवसांची रजा आहे, आधी कुठे जाऊ?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रस्ते दोन आहेत. एक गावाकडून जातो: घरातली वडीलधारी माणसं, घराण्यांच्या वंशावळ्या ठेवणारे हेळवी, तीर्थाच्या उपाध्यांच्या वह्या, गावचे जुने कागद. दुसरा सरकारकडून: मुंबईचं पुराभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, मग जमलं तर अंदमानातलं पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम). गावाला त्याचा बाप ठाऊक असतो, सरकारला त्याचं कलम.

मी आधी मुंबईला गेलो, आणि तेच चुकलं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधायचं तर खातं आणि साल लागतं. न्याय खात्याचे खंड सालवार लावलेले. माझ्या हातात काय होतं? 'गणू' आणि 'साताऱ्याचा', एवढंच. त्यातून इंग्रज कारकुनांनी सातारा हे नावच वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेलं, आणि माणसांची नावं पुष्कळदा आडनावाशिवाय: गणू बिन राणू, सखा वल्द येसू. बिन आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाचं नाव माहीत नसेल तर असे पंधरा गणू समोर येतात आणि आपला कोणता ते ठरवता येत नाही. चार दिवस पानं उलटून मी रिकाम्या हाताने परत आलो.

नंतर जोंधळ्याची सुगी उरकल्यावर गावात हेळवी आला. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो: हेळवी हा मूळचा कर्नाटकातला समाज. घराण्यांच्या वंशावळ्या सांभाळणं हेच त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. पूर्वी बैलावर बसून यायचे, हा मोटरसायकलवर आला होता, वह्या धडप्यात बांधलेल्या. त्याने वही उघडलीच नाही आधी. ओट्यावर बसून, पाणी पिऊन, डोळे मिटून म्हणायला लागला: मूळ गाव, कुळ, देवक, मग पुरुष एकेक. मग गाठोडं सोडलं. वही कानडीत. बोट फिरवत तो राणूपाशी थांबला. राणूला तीन मुलगे. थोरल्याखाली आमची सगळी वेल पसरलेली, धाकट्याखालीही चार नावं. मधल्यापुढे एकच शब्द होता. त्याने वाचून दाखवला, "परागंदा."

आजी तेव्हा हयात होती. तिने पदर डोळ्याला लावला, पण नाव मात्र पहिल्यांदाच उच्चारलं.

त्या एका पानातून तीन गोष्टी मिळाल्या. बापाचं नाव, भावांची नावं, आणि माझ्यापासून मागे पिढ्या मोजल्यावर येणारा अंदाजे काळ: १८७० ते १८८५. हेळव्याच्या वहीला मर्यादा आहेतच. बाया तिथे जवळजवळ नसतात, सालं नसतात, आणि ज्याला मूल नाही त्याची ओळ तिथेच संपते. पण नाव-गाव-बाप हा सांधा तिथे जेवढा पक्का असतो तेवढा दुसरीकडे मला कुठेच दिसला नाही.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्या याला पूरक ठरतात. तिथे यात्रेला गेलेला माणूस स्वतःच्या तोंडाने बाप-आजा-भाऊ सांगतो, म्हणून मजकूर जास्त विश्वासाचा. आमच्या थोरल्याची नोंद त्र्यंबकला मिळाली, मधल्याची नाही. तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण हे माहीत असेल तर एक दिवस द्या. माहीत नसेल तर त्यासाठी रजा घालवू नका.

गाव नमुना नंबर १४ आणि कोतवाल बुक ही नावं कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून घराघरात पोचली आहेत, आणि पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर आली आहेत. जन्ममृत्यूच्या या नोंदी मोडीत आहेत. पण आपला माणूस गावात मेलाच नाही, तर त्याची मृत्यूची नोंद गावात कुठून असणार? उपयोग होतो तो मागे राहिलेल्यांची खातरजमा करायला. मोडी वाचून घ्यायची तर पानाचा दर आधी ठरवा आणि लिप्यंतराबरोबर मूळ पानाचा फोटोही मागा. मला एका वाचकाने 'राणू'चं 'राघू' करून दिलं होतं, त्यात सहा महिने गेले.

दुसऱ्यांदा मुंबईला गेलो तेव्हा फक्त पंधरा वर्षांचे खंड बघायचे होते. तिसऱ्या दिवशी सापडलं, आणि सापडलं ते शिक्षेच्या कागदात नाही, तर अर्जात. भावाने सरकारकडे दयेचा अर्ज केला होता. अर्जदाराचं नाव हेळव्याच्या वहीतल्या थोरल्याचं, बापही तोच, गावही तेच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, माणदेशात हाहाकार. सात-आठ जणांनी सावकाराचं पेव फोडून जोंधळा नेला होता. कलम ३९५, दरोडा. त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा देता येत होती, आणि ती दिली. अर्ज नामंजूर. म्हणून सांगतो, मुंबईत गेलात तर आरोपीच्याच नावावर अडून बसू नका. भावाचे, बायकोचे, आईचे अर्ज बघा. घरच्यांनी केलेल्या अर्जात घर दिसतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्याकडे समज होता की बाबा सत्तावन्नच्या बंडात होते. साताऱ्यात असा समज कितीतरी घरांत आहे, आणि त्याला कारणही आहे: ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला, ती आठवण अजून ताजी आहे. माझ्या मामांना दरोड्याचं कलम ऐकून वाईट वाटलं, दोन दिवस ते जेवले नाहीत. मला मात्र तो पेवातला जोंधळा लाजिरवाणा वाटत नाही. तुमच्या घरी काय निघेल ते आधी कोणी सांगू शकत नाही, तेव्हा घरच्यांना विचारून, त्यांची तयारी बघूनच सरकारी दप्तराकडे जा.

काळ ठरला की ठिकाण आपोआप ठरतं. १८१५ ते १८३७ मध्ये मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला जात. मॉरिशसचं नाव निघालं की लोक मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या नोंदींमागे लागतात, पण त्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या आहेत. गिरमिटिये साडेचार लाखांवर गेले, कैदी होते साधारण दीड हजार, आणि त्यांचे कागद वेगळे. १८२५ नंतर सिंगापूर, पिनांग, मलाक्का. १८५८ पासून अंदमान, आणि १८७३ मध्ये सिंगापूरचे उरलेले कैदीही तिकडेच हलवले गेले. सेल्युलर जेल १९०६ ला पुरा झाला, म्हणजे १८७०-८० च्या माणसाला त्या कोठड्यांमध्ये शोधण्यात अर्थ नाही. तो रॉस बेटावर, व्हायपरवर, जंगलतोडीच्या तुकड्यांत होता.

साताऱ्याच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. १८४८ पर्यंत इथे छत्रपतींचं राज्य होतं, तेव्हा त्याआधीची प्रकरणं न्याय खात्यात नव्हे तर राजकीय खात्यात, रेसिडेंटच्या (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या) पत्रव्यवहारात शोधावी लागतात. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, १९६० ला सांगली नाव मिळालं. म्हणून तासगाव-वाळव्याचा माणूस जुन्या कागदांत साताऱ्याचाच असतो. पण सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं होती. आटपाडी औंधात. संस्थानी गावचा माणूस असेल तर ब्रिटिश जिल्ह्याच्या खंडांत दिवस घालवण्याआधी त्या संस्थानाचे कागद कुठे आहेत ते विचारा.

दिल्लीला जायची घाई करू नका. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या बघता येतं. गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअरविषयीच्या फाइली तिथे शोधता येतात. नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाका. पोर्ट ब्लेअरला जायचं तर कैदी क्रमांक आधी हातात हवा. तिथे कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. नाव नव्हतं त्यावर. शिवाय १९४२ ते ४५ या जपानी ताब्याच्या काळात तिथली पुष्कळ दप्तरं गेली. मला क्रमांक अजून मिळालेला नाही, म्हणून मी गेलो नाही.

डीएनए चाचणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. दोन्ही टोकांच्या, म्हणजे इथल्या आणि पाण्यापल्याडच्या, वंशजांनी चाचणी केलेली असेल तरच ती काही सांगते. आजच्या घडीला माझ्या मते तो खर्च शेवटचा.

उलट बाजूने शोधणाऱ्यांचा हिशोब मात्र वेगळा. अंदमानात जन्मलेली 'लोकल बॉर्न' घराणी आहेत. तिथे सरकारी परवानगीने कैद्यांची आपसात लग्नं झाली, जाती-प्रांत मिसळले, घरची भाषा हिंदुस्तानी झाली. त्यांच्या हाती क्रमांक असेल पण गाव नसेल. त्यांनी आधी मुंबईचे खंड बघावेत, गाव आणि बापाचं नाव मिळालं की मग हेळव्याला फोन.

तर आठ दिवस असतील आणि तुम्ही इथलेच असाल, तर पहिले तीन घरात आणि हेळव्याकडे, एक जमलं तर उपाध्यांकडे, उरलेले मुंबईत. वर्ष आणि बापाचं नाव आधीच लिहून ठेवलेलं असेल तर सरळ मुंबई. हेळव्याच्या गावी न सांगता जाऊ नका, सुगीत तो फिरतीवर असतो. त्याच्या वहीचा फोटो काढण्याआधी परवानगी मागा, नाही म्हणाला तर हाताने उतरवून घ्या, आणि धान्य, कपडा, दक्षिणा घरच्या रीतीप्रमाणे द्या. वही हे त्याचं पोट आहे. जाताना नव्या जन्मलेल्या मुलांची नावं त्याला सांगा. मुलींचीही सांगा. आमच्याकडच्याने लिहून घेतली.