1998 ची मारुती 800: उन्हाळा, पावसाळा आणि ऊसहंगाम काढल्यानंतर

व्यवहाराचं आधी बोलून घेते. घरात दुसरं वाहन नसेल आणि रोज घड्याळावर पोचायचं असेल, तर ही गाडी घेऊ नका. माझ्या दारात ॲक्टिव्हा आहे, ती वेळ मारून नेते, म्हणून मला हे प्रेम परवडलं. राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, शिकवायला कळे गावच्या शाळेत. गगनबावडा रोडवर जुन्या गाडीनं हात बसवायचा आणि मग ती विकून बरी गाडी घ्यायची, असं घरात ठरलं होतं. भाऊ तर म्हणालेला, ‘ठोकलीस तरी भंगारवाला वजनावर घेईल.’

गाडी कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायची जुनी पद्धत, चाळीस हजारांत मिळाली. रंग पांढरा, निदान कागदोपत्री. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. पॉवर स्टिअरिंग नाही. एसीची बटणं आहेत, एसी नाही. मागच्या दारावर कुणीतरी हातानं मारलेला ब्रशचा पट्टा, पुढचा बंपर एका बाजूनं तारेनं बांधलेला. पहिल्या दिवशी सासूबाई बाहेर येऊन सगळ्या बाजूंनी बघून एवढंच म्हणाल्या, ‘नारळ जरा लांबच फोड गं.’

चोक ज्यांनी कधी ओढलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॅशबोर्डला एक नॉब असते. ती बाहेर ओढली की कार्बोरेटरकडे जाणारी हवा अडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि गार इंजिन पेटतं. डिसेंबरात सकाळी आधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, चोक पूर्ण बाहेर, मग किल्ली. सुरुवातीला दोनच सिलिंडर बोलतात. गाडी सगळी थडथडते, आरशात मागचं काही धड दिसत नाही. थोड्या वेळानं तिसरा येऊन मिळतो आणि आवाज एकदम गोल होतो. बालिंग्याच्या पुलापर्यंत चोक निम्मा आत, पुलापलीकडं पूर्ण आत. विसरलं की मागं काळा धूर आणि संध्याकाळी प्लग काढून घासत बसायचं. शाळेच्या गेटवर पोरं विचारतात, ‘बाई, आज चोक आत ढकलला काय?’ पाचवी-सहावीच्या पोरांना हवा-पेट्रोलचं मिश्रण कळतं, ही या गाडीची शैक्षणिक कामगिरी.

उन्हाळ्यात कारभार उलटा. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी बाजारात दहा मिनिटं थांबून परत आलात तर गाडी चालू होत नाही. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर फिरतो, पण इंजिन घेत नाही. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, त्यामुळं बंद इंजिनच्या धगीनं पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, आणि हा पंप वाफ ओढू शकत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप उभं राहायचं. डिकीत कायम पाण्याची बाटली आणि एक जुना पंचा असतो. महाद्वार रोडला बॉनेट उघडून पंचा पिळत उभी राहिले की ओळखीचे लोक हमखास भेटतात.

पत्र्याबद्दल थोडक्यात. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट उचलली तर रस्ता दिसत होता. नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला, वर डांबरी कोटिंग. गाडीनं बरीच वर्षं गगनबावड्याकडचा पाऊस खाल्लाय, यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही.

आता दार. डावीकडचं पुढचं दार बिजागरीच्या पिना झिजून खाली बसलेलं. उचलून आपटल्याशिवाय लागत नव्हतं आणि एकदा लागलं की सासूबाईंना आतून उघडत नव्हतं. एका गॅरेजनं आख्खं दारच बदलायला सांगितलं आणि जो आकडा काढला त्यात निम्मी दुसरी मारुती आली असती. म्हणून उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात राहून जुनी गाडी ठेवायची तर शिवाजी उद्यमनगर ही आपली खरी चैन आहे. फाउंड्री आणि लेथवर मोठं झालेलं गाव हे, इथं वस्तू मिळाली नाही तर करून मिळते. मिस्त्रींनी जुनी पिन काढून बोटांत फिरवली, नखानं झीज बघितली आणि शेजारच्या लेथवर पोऱ्याला पाठवलं. पितळेचा तुकडा चकमध्ये लागला, सोनेरी भुगा उडाला, कॅलिपर लागला, परत एक हलका हात. चहा संपेपर्यंत दोन बुश, म्हणजे पिन बसायच्या पितळी नळ्या, तयार. ते ठोकून नवी पिन घातली आणि मिस्त्रींनी मला दार लावायला सांगितलं. करंगळीनं लागलं. ‘ताई, इंजिन वाघ हाय. पत्र्याचं तेवढं बोलू नगा,’ असं म्हणून त्यांनी जे पैसे सांगितले ते इथं लिहिले तर उद्या तिथं रांग लागेल.

स्पेअर पार्टची चिंता तशी नाहीच. हे मॉडेल डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 अशी तीस वर्षं निघालं. बॉडी 1986 ला बदलली, पण इंजिन शेवटपर्यंत 796 सीसीच राहिलं. बहुतेक सामान मिळतं, तेही परवडेल अशा दरात. अडचण आली ती रबराची. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या गावी नव्हतं. पेट्रोलचे पाइप हाताला चिकट लागायला लागले आणि एके दिवशी बॉनेटखालून वास यायला लागला. सगळे पाइप आणि कार्बोरेटरचं किट बदलून टाकलं. इथेनॉल उसाचं आणि ऊस आपल्याच जिल्ह्यातला, तक्रार कुणाकडं करणार!

उसावरून आठवलं. कुडित्र्याचा साखर कारखाना सुरू झाला की या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. मूळ हेडलाइट एवढे मंद की आधी समोर ऊस दिसायचा आणि मग ट्रॉली. रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवून हेडलाइटला थेट बॅटरीवरून करंट दिला आणि चित्र पालटलं. जुनी 800 असलेल्यांनी टेपच्या आधी हे काम करावं. ॲव्हरेज मोकळ्या रस्त्याला अठरा, गावात चौदा-पंधरा. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघायला गाव लोटतं, तिला कुणी ‘किती देते’ म्हणून विचारत नाही. आमच्या गाडीला मात्र सिग्नलला थांबलेला प्रत्येक जण विचारतो.

हात कधीच बसला. भावानं नवी गाडी घेतली, ती पन्हाळ्यापर्यंत चालवून बघितली. वाघबीळ सोडून घाट लागला तरी आवाज नाही, थरथर नाही, दारं आपोआप लॉक. उतरल्यावर लक्षात आलं की वाटेत मी एकदाही गाडीचा विचार केला नव्हता. त्याच घाटात आमची दुसऱ्या गिअरला चढते, काटा तापायला लागला की हीटर चालू करून इंजिनची धग आत घ्यावी लागते, सगळे घामाघूम होतात आणि वर पोचल्यावर सासूबाई बॉनेटला हात लावून ‘बस आता जरा’ म्हणतात. मला ही आमची जुनी गाडीच आवडते, हे घरी सांगायला लाज वाटत नाही. नवरा चालवत असला आणि तिसरा गिअर लवकर टाकला की माझा पाय आपोआप क्लचच्या जागी जातो, यावर घरात रीतसर भांडण झालेलं आहे.

कागदपत्रांचं मात्र गणित करा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि नोंदणीचं नूतनीकरण. हिचं 2023 ला झालं तेव्हा फी पाच हजार होती. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती दहा हजार केली. पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागतेच. ती बसवताना तारेचा बंपर बघून पोरगा हसला, पण प्लेट सरळ बसवून दिली.

विकायची आहे का, असं विचारणाऱ्यांना: नाही. तशीच दुसरी शोधत असाल तर रंगाकडं बघू नका, मॅट उचला. इंजिन गार असतानाच चालू करून बघा, विकणारा आधीच तापवून ठेवतो. आणि 2019, 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून बाजारात आहेत. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण सीटबेल्ट कुणी शेवटपर्यंत ओढत नाही. तुम्ही ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर चहा पिऊन परत या. मिस्त्री बरोबर न्याच, फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.