पेलोपोनीज स्वतः गाडी चालवत: काही महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव

मे महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई अशी तिघं ग्रीसमधल्या पेलोपोनीज द्वीपकल्पाची गाडीफेरी करून आलो. त्याला आता बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर निळ्या पाण्याच्या कौतुकातच अर्धी जागा गेली असती. आता फोटो बघून झाले, गाडीच्या डिपॉझिटचा घोळही निस्तरला, तेव्हा काय मनात टिकलं आणि काय विरून गेलं ते नीट सांगता येईल.

माझं मत आधीच सांगते. प्राचीन ग्रीस बघायचा असेल तर स्वतः गाडी चालवत बघा. बसच्या टूरमध्ये एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये नेऊन सोडतात आणि मधला रस्ता झोपेत जातो. इथे मधला रस्ताच सगळं समजावून सांगतो. एकच भाषा बोलणारे, एकाच देवांना मानणारे हे लोक इतक्या वेगवेगळ्या नगरराज्यांत का विभागले गेले आणि शतकानुशतकं एकमेकांशी का लढत राहिले, हे एकामागून एक घाट चढताना आपोआप कळत जातं.

आमचा मार्ग असा होता: अथेन्सहून कोरिंथ, मग नाफ्प्लियो (तिथे राहून मायसिनी आणि एपिडॉरस), मोनेमवासिया, मानी, मिस्त्रास, टायगेटस डोंगर ओलांडून कालामाता आणि प्राचीन मेसेनी, पुढे ऑलिंपिया, रिओचा पूल, गालाक्सिदी, डेल्फी आणि परत अथेन्स.

गाडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आपल्या आरटीओतून मिळतं आणि एक वर्ष चालतं. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि तेही गाडी ज्याच्या नावावर बुक केली त्याच्याच नावाचं. तिकडे मॅन्युअल गाड्याच जास्त. ऑटोमॅटिक कमी मिळतात आणि महाग पडतात, तरी आपल्यासारख्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी असं मी आग्रहानं सांगेन. रस्त्याची बाजू बदललेली, स्टिअरिंग डावीकडे, त्यात गिअरही उजव्या हातात आला की पहिले काही तास डोक्याला फार ताण होतो.

विम्याचे कागद वाचताना टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग त्यात धरला आहे का ते बघा. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांसकट सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी परत देताना सगळं ठीक आहे असं सांगितलं आणि दोन-तीन आठवड्यांनी रिमवर ओरखडा सापडल्याची मेल पाठवली. पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत तो ओरखडा स्वच्छ दिसत होता. पैसे परत आले, पण त्यासाठी मेलवर मेल करत जवळजवळ दोन महिने काढावे लागले.

हमरस्ते उत्तम आहेत. टोलनाके बरेच लागतात, सुटे युरो जवळ असू द्या. पाट्यांवर ग्रीक नाव पिवळ्या अक्षरांत आणि रोमन लिपीतलं पांढऱ्या अक्षरांत असतं. कधी कधी आधी नुसती ग्रीक पाटी येते आणि रोमन लिपीतली थोडी पुढे, त्यामुळे घाबरून लगेच वळू नका. आतल्या दुपदरी रस्त्यांवर स्थानिक लोक गाडी कडेच्या पट्टीवर घेऊन मागच्याला वाट देतात, आपणही तसंच करावं. वळणावळणांवर खांबावर बसवलेली छोटी चर्चं दिसतात. आत एक तसबीर आणि तेलाचा दिवा. बरीचशी अपघाताच्या जागी नातेवाइकांनी उभारलेली असतात, काही वाचलेल्यांनी नवस फेडायला. सासूबाई प्रत्येकाला हात जोडायच्या आणि नवऱ्याचा वेग तिथे आपसूक कमी व्हायचा.

कोरिंथला आम्ही फार रमलो नाही. कालवा पुलावरून बघायला दहा मिनिटं पुरतात. १८९३ साली पूर्ण झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही बाजूंना सरळ तासलेला खडक. प्राचीन कोरिंथमध्ये अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत, प्रत्येक खांब अखंड दगडाचा.

नाफ्प्लियो मात्र मुक्कामाची जागा. स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी हीच, १८३४ पर्यंत. वरचा पालामिदी किल्ला चढायला ९९९ पायऱ्या आहेत असं सगळे सांगतात. पण मागच्या बाजूनं थेट दरवाजापर्यंत गाडी जाते, गुडघे दुखणाऱ्यांनी तो रस्ता धरावा. इथून मायसिनी या प्राचीन, तटबंदीच्या नगरीला सकाळी आठला, दार उघडताच जा. दहा वाजता अथेन्सच्या बसेस येतात आणि सिंहद्वारासमोर फोटोंची रांग लागते. तेहतीसशे वर्षांपूर्वीचं हे दार. वरच्या दोन सिंहांची डोकी आता नाहीत, तरी त्यांच्या पायांतला ताण दिसतो. थोडं खाली पुराणकथेतल्या अत्रेउस राजाची म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार कबर आहे. तिच्या दारावरची आडवी शिळा सुमारे १२० टनांची. परतीच्या वाटेवर, नाफ्प्लियोच्या अगदी जवळ टिरिन्स लागतं. तिथे आमच्याशिवाय कोणीच नव्हतं आणि तिथल्या भिंतींचे दगड मायसिनीइतकेच अवाढव्य आहेत.

एपिडॉरसच्या नाट्यगृहाबद्दल गाईड सांगतात की खाली नाणं पडलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. डच संशोधकांनी २०१७ मध्ये तिथे मोजमापं घेतली, त्यात ते खरं ठरलं नाही. पण नटासारखं चढ्या आवाजात बोललेलं शेवटपर्यंत स्पष्ट पोचतं, हे त्यातही दिसलं. सासूबाई हळूहळू ५५ रांगा चढून वर जाऊन बसल्या. नवऱ्यानं मधल्या गोल दगडावर उभं राहून विचारलं, "आई, ऐकू येतंय का?" वरून उत्तर आलं, "येतंय रे, शब्दन् शब्द!" इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं बांधकाम, आणि आजही उन्हाळ्यात तिथे नाटकं होतात.

मोनेमवासियाचा खडक समुद्रात उभा आहे, एका अरुंद बांधानं किनाऱ्याला जोडलेला. तटाच्या आत गाड्या जात नाहीत. सामान उचलून न्यावं लागतं, तेव्हा चाकांच्या मोठ्या बॅगा गाडीतच ठेवा. एक रात्र आतच राहा, कारण संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक गेल्यावरच ते गाव गावासारखं वाटतं.

मग मानी. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला आणि बहुतेक टूरवाले तो गाळतात. टायगेटसची रांग दक्षिणेला समुद्रात घुसते तिथला हा उघडाबोडका, दगडी मुलूख. घरं म्हणजे चौकोनी उंच मनोरे, खिडक्या बोटभर. इथली घराणी पिढ्यानपिढ्या वैर चालवत आणि समोरच्या मनोऱ्यावर गोळ्या झाडत. वाथिया गावात असे मनोरे टेकडीवर दाटीनं उभे आहेत, बरेचसे रिकामे. एका दारावर कुलूप गंजलेलं, उंबऱ्यातून अंजिराचं झाड वर आलेलं. नाफ्प्लियोत आम्ही सेंट स्पिरिडॉनचं छोटं चर्च बघितलं होतं. तिथे १८३१ मध्ये ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांना गोळी घातली गेली. मारेकरी मानीच्या माव्रोमिखालिस घराण्यातले, कारण त्यांच्या कुटुंबप्रमुखाला सरकारनं कैदेत टाकलं होतं. तिकडे ही गोष्ट नुसती एक माहिती होती. या मनोऱ्यांतून गाडी नेल्यावर ती समजली.

मानीत मुक्कामाला लिमेनी किंवा येरोलिमेनास घ्या. दोन्ही चिमुकली बंदरं, हॉटेलच्या पायरीला पाणी लागतं. पेट्रोल आरेओपोलीलाच भरून घ्या, खाली पंप तुरळक आहेत. रस्ता संपतो तिथून तेनारोच्या दीपगृहापर्यंत पाऊण तासाची पायवाट आहे, ग्रीसच्या मुख्य भूमीचं हे दक्षिण टोक. वाटेत एक रोमन मोझेक उघड्यावर पडलंय, ना कुंपण ना तिकीट.

मिस्त्रास हे डोंगर-उतारावरचं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं शहर. त्या साम्राज्याचा शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याला १४४९ मध्ये इथेच सम्राट म्हणून जाहीर केलं गेलं. गाडी वरच्या दारापाशी लावून उतरत उतरत बघा.

तिथून कालामाताला जाणारा लांगादा घाट मी कधी विसरणार नाही. अंतर साठेक किलोमीटर, पण दीड तास कमी पडतो. काही ठिकाणी कडा कोरून रस्ता काढलाय आणि खडक डोक्यावर झुकलेला असतो. टायगेटसचं शिखर २४०० मीटरच्या वर आहे आणि मेमध्येही वरच्या घळींत बर्फाचे पांढरे पट्टे होते. घाटाच्या अलीकडे स्पार्टा, पलीकडे मेसेनियाची सुपीक जमीन. एवढा डोंगर ओलांडून येऊन स्पार्टानं ती जमीन जिंकली आणि तिथल्या माणसांना हेलट, म्हणजे पिढीजात वेठबिगार करून ठेवलं, तेही तीनशेच्या वर वर्षं. स्पार्टाची सगळी लष्करी शिस्त याच माणसांच्या भीतीतून घट्ट होत गेली. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्ज नगरराज्याचा सेनापती एपामिनोंडस यानं स्पार्टाचा पराभव केला, आणि ३६९ मध्ये या सुटलेल्या लोकांसाठी मेसेनी शहर वसवलं.

ते शहर तुम्हाला बघायला मिळतं, आणि तेही जवळपास एकट्यानं. संपूर्ण फेरीत एकच प्राचीन जागा बघायची असेल तर मी मायसिनी नाही, मेसेनी सांगेन. नाट्यगृह, बाजार, आरोग्याचा देव अस्क्लेपिअस याचं देऊळ आणि अगदी खाली खांबांच्या रांगांनी वेढलेलं स्टेडियम. लाल पॉपीची फुलं पायऱ्यांच्या फटींतून उगवलेली. शहराभोवतीची तटबंदी सुमारे नऊ किलोमीटरची होती. तिच्या आर्केडियन दरवाजातून आजचा गावरस्ता जातो, म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या वेशीतून आपली गाडी आत शिरते. नव्यानं मोकळ्या झालेल्या लोकांनी पहिलं काम केलं ते एवढा भक्कम तट बांधण्याचं. घाट नुकताच उतरून आलेल्या माणसाला त्यांचं कारण सांगावं लागत नाही.

ऑलिंपियात काताकोलो बंदरावर लागलेल्या क्रूझची गर्दी होते, तेव्हा दुपारनंतर जा. १९२ मीटरच्या धावपट्टीवर सगळे धावतात, आम्हीही धावलो. पण वस्तुसंग्रहालय चुकवू नका. इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईतला ग्रीक सेनापती मिल्टियाडीस यानं झ्यूसला वाहिलेलं शिरस्त्राण तिथे आहे. काठावर त्याचं नाव कोरलेलं, कांस्य हिरवं पडून फाटलेलं.

२००४ चा रिओचा पूल (टोल पंधरा युरोंच्या आसपास) ओलांडून गालाक्सिदी या जुन्या दर्यावर्दींच्या गावात राहिलो आणि सकाळी डेल्फीला गेलो. तिथल्या संग्रहालयातला सारथ्याचा कांस्य पुतळा बघताना चेहऱ्याजवळ जा. तांब्याच्या पत्र्यातून कापलेल्या पापण्या अजून डोळ्यांभोवती आहेत. अपोलोच्या देवळाखालच्या भिंतीवर बारीक अक्षरांत शेकडो लेख आहेत. त्यातले बहुतेक गुलामांना मुक्त केल्याचे करार. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत, ते मला तिथे आठवले. परत आल्यावर आम्ही मुद्दाम कार्ल्याला जाऊन ते पुन्हा बघितले.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणसाचं छान चालतं. उपासाच्या परंपरेमुळे बिनमांसाचे पदार्थ भरपूर: टोमॅटोतले मोठे पांढरे वाल, भात भरलेले टोमॅटो, पालक भरलेली पेस्ट्री. पिवळ्या डाळीचा फावा म्हणजे घट्ट गोड्या वरणासारखा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. सासूबाईंनी तो रोज मागवला. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मेनूवरचा भाव बहुधा किलोचा असतो. आधी वजन करून दाखवायला सांगा.

नावडलेली एकच मोठी गोष्ट, तिकिटं. मायसिनी, एपिडॉरस, ऑलिंपिया, डेल्फी या प्रत्येक ठिकाणी माणशी वीस युरो, आणि बऱ्याच ठिकाणी सावली कमी. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेत दुपारी जागा बंदही ठेवतात. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा.

ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत त्यांनी सगळं कोंबू नये. दोन रात्री नाफ्प्लियो, दोन रात्री कालामाता, आणि मेसेनीला अख्खी सकाळ द्या. स्पार्टाकडून लांगादा घाट दिवसाउजेडीच चढा, रात्री त्या रस्त्यावर दिवे नाहीत आणि शेळ्या उतरतात.